बॅटरी उतरली, की उतरवली?

उसाचा हंगाम सुरू झाला की अहिल्यानगर जिल्ह्यातील कोल्हारच्या रस्त्यांवर भरलेल्या ट्रॉल्यांची रीघ लागते. प्रवरेच्या काठचे हे गाव नगर-मनमाड मार्गावर आहे. १९५०-५१ च्या हंगामात ज्याचे पहिले गाळप झाले, तो प्रवरानगरचा सहकारी साखर कारखानाही येथून जवळच. वजनकाट्यापुढे रांग मोठी असली की ट्रॅक्टरला रात्र तिथेच काढावी लागते. इंजिन बंद असते, पण बाजूचे दिवे चालू असतात आणि टेपवरची गाणी तर चालू असतातच! पहाटे नंबर लागतो, चालक चावी फिरवतो, आणि ‘टक्‌’ असा एक आवाज होऊन सारे शांत होते. मग कुणीतरी जाणकार निकाल देऊन टाकतो, “बॅटरी गेली, नवी टाका.”

या निकालाला माझा आक्षेप आहे. आरोपीचे म्हणणे ऐकून न घेताच दिलेला हा निकाल आहे. आपण ते ऐकू या. त्यासाठी भागाकार आणि गुणाकार येत असला म्हणजे पुरे.

समजा, टेप आणि त्याचे मोठे कर्णे मिळून ६० वॅट शक्ती घेतात. बॅटरी १२ व्होल्टची. ६० ला १२ ने भागा, ५ अँपियर आले. दिव्यांचे २४ वॅट धरले तर आणखी २ अँपियर. एकूण झाले ७. आठ तासांत बॅटरीतून ५६ अँपियर-तास निघून गेले. बॅटरी ७५ अँपियर-तासांची असेल तर उरले फक्त १९. म्हणजे पाऊण बॅटरी गाण्यांनी आणि दिव्यांनी खाल्ली. यात बॅटरीचा काय दोष?

पण येथे एक गंमत आहे. इंजिन सुरू करताना स्टार्टर सुमारे २०० अँपियर घेतो, पण जेमतेम पाच सेकंद. याचा हिशोब केलात तर पाव अँपियर-तासाहून थोडे जास्त एवढेच उत्तर येते. मग उरलेल्या १९ मध्ये इंजिन साठ वेळा सुरू व्हायला हवे. एकदाही का होत नाही?

उत्तर बॅटरीच्या पोटात आहे. गास्तों प्लाँते या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५९ साली शिसे आणि गंधकाम्ल यांचा जो घट बनवला, तसेच सहा घट आपल्या बॅटरीत एकापुढे एक जोडलेले असतात. बॅटरी उतरू लागली की दोन्ही प्रकारच्या पट्ट्यांवर लेड सल्फेट जमते आणि आम्ल पातळ होते. त्यामुळे बॅटरीचा अंतर्गत रोध वाढतो. टाकीत पाणी आहे, पण नळाचे तोंड बुजत आले आहे, असेच म्हणा ना! टेपपुरती धार येते, स्टार्टरला लागणारा लोंढा येत नाही. अशी बॅटरी आठवडाभर तशीच पडू दिली तर सल्फेटचे स्फटिक घट्ट होत जातात, आणि मग मात्र चांगली बॅटरीही खरोखरच निकामी होते. म्हणून उतरलेली बॅटरी त्याच दिवशी चार्ज करावी.

चार्ज करून काही तास स्वस्थ ठेवल्यावर मल्टिमीटरने व्होल्ट मोजा. १२.६ च्या आसपास आले तर ठीक. १२ च्या आसपास असेल तर ती बरीचशी रिकामीच आहे. पूर्ण चार्ज झालेली बॅटरी स्टार्टर मारताना साडेनऊ व्होल्टच्या खाली कोसळत असेल, तर तिच्यावर संशय घ्यायला जागा आहे. इंजिन चालू असताना मीटर १४ च्या आसपास हवा. तो साडेबारावरच अडला असेल तर अल्टरनेटर किंवा त्याचा पट्टा तपासा, नवी बॅटरी टाकूनही दोष जाणार नाही.

आता दुसरा प्रकार. नवरात्रात भगवतीमातेच्या दर्शनाला आलेल्या एखाद्या मोटारीत सारे काही बंद होते, तरी तीन दिवसांनी ती सुरू होत नाही. अशा वेळी चोर शोधावा लागतो. ऋण अग्राची वायर सोडवून ती वायर आणि ते अग्र यांच्यामध्ये मीटर १० अँपियरच्या पट्ट्यावर जोडतात. दारे लावून अर्धा तास थांबावे, कारण हल्लीच्या मोटारींतील इलेक्ट्रॉनिक यंत्रणा झोपी जायला वेळ घेतात. घड्याळ, धोक्याची घंटा यांच्यासाठी ०.०५ अँपियरपर्यंत प्रवाह चालतो. पण मीटर अर्धा अँपियर दाखवत असेल, तर दिवसाला १२ अँपियर-तास वाहून जात आहेत आणि ३६ ची बॅटरी तीन दिवसांत रिकामी! मग एकेक फ्यूज काढत जायचे. ज्या फ्यूजला हात लावताच आकडा खाली येतो, त्याच्या वायरवर चोर बसला आहे. डिकीतला न विझणारा दिवा किंवा मागाहून बसवलेला टेप हे नेहमीचे गुन्हेगार.

नव्या बॅटरीला काही हजार रुपये पडतात, आणि विनाकारण काढलेल्या बॅटरीचे शिसे कुठे तरी वितळवलेच जाते. उघड्यावर वितळवले तर त्याची वाफ आणि धूळ लहान मुलांच्या मेंदूला अपाय करते. म्हणूनच जुन्या बॅटऱ्यांसाठी आपल्या देशात २००१ साली नियम झाले आणि २०२२ साली ते नव्याने करण्यात आले.

अँमीटर मंडलात एकसरीत जोडावा, हे शाळेत आपण पाठ करतो आणि टॉर्चच्या बल्बवर एकदा करूनही पाहतो. माझे मत असे की हाच प्रयोग शाळेच्या आवारात गावातल्या एखाद्या ट्रॅक्टरवर व्हावा. शिक्षक आणि एखादे गॅरेजवाले काका मात्र शेजारी हवेतच. अँपियरच्या पट्ट्यावरचा मीटर बॅटरीच्या दोन अग्रांवर थेट टेकवू नका, तो जळेल. तो वायरीत जोडलेला असताना स्टार्टर मारू नका. बोटातली अंगठी काढून ठेवा. आणि चार्ज होणाऱ्या बॅटरीतून हायड्रोजन निघतो, तेव्हा विडी ओढत डोकावणाऱ्या पाहुण्यांना जरा दूरच उभे करा.