मोटार बुटकी करावी काय?

गेल्या दसऱ्यास आमच्या घरीं नवी मोटार आली. आमच्या पुतण्यानें ती स्वतःच्या कमाईंतून घेतली. आणि हार-नारळ होऊन पंधरवडा लोटला नाहीं तोंच तिच्या चारी स्प्रिंगा काढून त्या जागीं बुटक्या स्प्रिंगा बसविण्याचा बेत त्यानें जेवतांना जाहीर केला. त्यायोगें मोटार तीन सेंटिमीटर खालीं बसते. कोऱ्या वस्तूवर पाना चालविण्याची ही कल्पना ऐकून वडील मंडळी थक्क झाली. आमच्या मातोश्रींचे गुडघे धरलेले, त्यांनीं एवढेंच विचारलें, "अरे, मग मी उतरूं कशी?"

असल्या हौसेला खूळ म्हणून झिडकारणें फार सोपें आहे. पण मुलगा कमावता, वस्तु त्याची. म्हणून एका रविवारीं आम्हीं त्याला जवळ बसवून त्याचें म्हणणें नीट ऐकून घेतलें. त्यांत तथ्य बरेंच निघालें.

वळणावर मोटारीचा भार आंतल्या चाकांवरून बाहेरच्या चाकांवर सरकतो. तो किती सरकावा, हें गुरुत्वमध्याच्या उंचीवर अवलंबून असतें. समजा, ती उंची ५४ सें. मी. आहे, मोटार ३ सें. मी. खालीं आली तर सरकणारा भार अठराव्या हिश्शानें कमी होईल. एवढ्यासाठीं कोणी हा खटाटोप करणार नाहीं. मोटार वळणावर कमी झुकते ती मुख्यतः नवी स्प्रिंग ताठ असते म्हणून. भार जितका वाढेल तितकी स्प्रिंग अधिक दबेल, हा रॉबर्ट हूकचा १६७८ सालीं प्रसिद्ध झालेला नियम आपण सर्वांनींच शाळेंत घोकला आहे. बुटकी स्प्रिंग ताठ करावीच लागते. कारण चाकाला वर सरकण्यास जी जागा होती तिच्यांतील तीन सेंटिमीटर आधींच खर्ची पडलेले असतात, आणि स्प्रिंग मऊच राहिली तर पहिल्याच खड्ड्यांत आंतल्या रबरी ठोकळ्यावर दणका बसावयाचा. अर्थात् घाटांतल्या वळणावर चालविणाऱ्याला जें सुख, त्याची किंमत मागच्या बाकावरील पाठींनीं भरावयाची!

कांहीं मिस्त्री मूळ स्प्रिंगच कापून स्वस्तांत काम उरकतात. हें मात्र आम्हांस सर्वस्वी निषिद्ध वाटतें. सात वेढ्यांची स्प्रिंग सहा वेढ्यांची केली तर ती सातास सहा या प्रमाणांत ताठ होते खरी, पण कापलेलें टोंक आपल्या बैठकींत नीट बसत नाहीं, आणि चाक अधांतरीं लोंबलें म्हणजे ती सैल होऊन जागा सोडण्याचें भय असतें. मुद्दाम घडविलेली स्प्रिंग चाक लोंबलें तरी कांहींशी दाबलेलीच राहिली पाहिजे.

बसविण्याचें काम घरीं करूं नये, असें आम्हीं पुतण्यास निक्षून सांगितलें. हल्लींच्या बहुतेक लहान मोटारींत पुढच्या बाजूला अर्ल मॅक्फर्सन यांची रचना असते. १९५० सालीं लंडनच्या प्रदर्शनांत मांडलेल्या फोर्डच्या 'कन्सल' व 'झेफर' या मोटारींत ती होती. हींत स्प्रिंग शॉकअ‍ॅब्सॉर्बरच्याच भोवतीं दाबून बसविलेली असते, आणि माथ्यावरचा एक नट तिला आवरून धरतो. स्प्रिंग यंत्रानें आवळून घेण्यापूर्वी तो नट सोडला, तर आंत कोंडलेली शक्ति माणसाचा जबडा फोडावयास पुरेशी आहे. शिवाय रबरी बुशांचे बोल्ट मोटार चाकांवर उभी करूनच शेवटचे आवळावे लागतात. नाहीं तर रबर कायमचें पिळलेलें राहून लवकर फाटतें. मोटार खालीं बसली कीं चाकांचा कलही बदलतो, म्हणून व्हील अलाइनमेंट पुन्हां करून घ्यावी. न केल्यास टायर एकाच कडेनें झिजतात. दिव्यांचा झोतही तपासावा.

आतां रस्त्याकडे वळूं. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकांत ३.७ मीटर रुंद, १० सें. मी. उंच व १७ मीटर त्रिज्येच्या गोलाईचा गतिरोधक सांगितलेला आहे. चाकांच्या दोन जोड्यांत २.४५ मीटर अंतर असलेल्या मोटारीच्या पोटाखालीं त्याचा जास्तींत जास्त साडेचार सेंटिमीटरच उंचवटा येतो, हें आम्हीं कागदावर मांडून पाहिलें. असे गतिरोधक सर्वत्र असते तर पुतण्याशीं आमचा वाद मिटलाच होता! परंतु आमच्या गल्लींत रातोरात उगवलेला उंचवटा फूटभर रुंद आणि अकरा सें. मी. उंच आहे, तो सबंधच्या सबंध पोटाखालीं येतो. मग घरचीं पांच माणसें मोटारींत बसवून पुतण्यानें स्वतः फूटपट्टी लावली. जमिनीपासून पोट बारा सेंटिमीटर भरलें. बारांतून तीन वजा करावयास कोणाचीच मदत लागली नाहीं.

कायद्याचीही बाजू आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमान्वये, नोंदणीपत्रांतील तपशील निर्मात्यानें मुळांत दिलेल्या तपशिलाशीं विसंगत होईल असा फेरफार करतां येत नाहीं; सर्वोच्च न्यायालयानेंही जानेवारी २०१९ मध्यें हें कलम कसोशीनें लाविलें. तेव्हां परिवहन कार्यालय आणि विमा कंपनी या दोघांचें उत्तर आधीं लेखी घ्यावें. जर्मनींत अशा स्प्रिंगांना मान्यतापत्र असतें आणि बसविल्यावर तज्ज्ञाकडून तपासणी होते. तशी सोय येथें असती तर आम्हीं पुतण्याला याहून मोकळेपणानें सल्ला दिला असता.

ऐन दिवाळींत स्प्रिंगांचें खोकें घरीं आलें. पैसे तो आधींच भरून बसला होता. दोन दिवस तो कोणाशीं फारसा बोलला नाहीं. भाऊबीजेला मातोश्रींना आत्याकडे न्यावयाचें होतें. त्यानें मोटार दारापाशीं आणली, त्यांचा हात धरून त्यांना बसविलें, आणि उतरतांना त्या एकाच प्रयत्नांत उभ्या राहिल्या, हेंही त्यानें पाहिलें. "तुझें लग्न झालें कीं दोघेंच हिंडाल, तेव्हां बसव हो," असें त्या परतल्यावर म्हणाल्या. तें खोकें सध्यां माळ्यावर आहे, आणि त्यावर पापडांचा डबा ठेवलेला आहे.