आधी पन्हा विचारा!

लोअर परळला फिनिक्स मिलच्या जागी उभ्या राहिलेल्या मॉलमध्ये, किंवा आसपासच्या कुठल्याही मोठ्या दुकानात टीव्ही पाहायला गेलात, की भिंतभर पोपट दिसतात. लाल-निळे परदेशी पोपट, धबधबे, कापलेली कलिंगडे. हे चित्रण खास दुकानासाठी केलेले असते आणि संचही दुकानी सेटिंगवर, म्हणजे उजेड नि रंग शिगेला पोचवून ठेवलेले असतात. आपण घरी पोपट पाहत नाही. बातम्या, मालिका, क्रिकेट आणि अधूनमधून एखादा जुना मराठी चित्रपट पाहतो. खरेदी मात्र पोपटांच्या भरवशावर होते.

या भागात सध्या अशा खरेदीला निमित्तही मिळाले आहे. बीडीडी चाळींतली १६० चौरस फुटांची खोली जाऊन ५०० चौरस फुटांचे घर, असा हा पुनर्विकास. वरळीच्या चाळींतल्या ५५६ कुटुंबांच्या हाती १४ ऑगस्ट २०२५ रोजी किल्ल्या पडल्या, ना. म. जोशी मार्गावरच्या चाळकऱ्यांसाठीही घर तेवढेच ठरलेले आहे. त्यात २२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांहून मोठ्या संचांवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. नवे घर, मोकळी भिंत आणि हप्त्याची सोय. मग घराघरांत वाद एकच उरतो, ५५ इंची की ६५ इंची? माझ्या मते या वादात घरातली सगळी शक्ती खर्च होते आणि जे विचारायचे ते राहून जाते.

आमच्या ओळखीचे एक आजोबा आहेत. उमेद होती तोवर मिलमध्ये मागावर उभे राहिले. नातवाने कौतुकाने ‘पंचावन्न इंची घेतोय, आजोबा’ असे सांगितले, तेव्हा त्यांनी विचारले, ‘पन्हा किती?’ मोजून पाहिले तर रुंदी ४८ इंच, उंची २७. ‘मग पंचावन्न आणलेस कुठून?’ नातवाने कर्ण समजावून सांगितला. आजोबांचे म्हणणे, आमच्या वेळी कापड कुणी तिरके मोजून विकले असते तर गिऱ्हाइकाने त्याला दुकानाबाहेर काढले असते!

हाच कापडी हिशेब पुढे नेऊ. पडदा म्हणजे ठिपक्यांची वीण. फुल एचडीत सुमारे २१ लाख ठिपके, फोर-केमध्ये ८३ लाख, एट-केमध्ये ३ कोटी ३२ लाख. आकडे वाढतात तशी किंमत वाढते. पण डोळ्याची कुवत वाढत नाही. चांगल्या नजरेच्या माणसालाही ५५ इंची पडद्यावर फुल एचडी आणि फोर-के यांतला बारीकपणाचा फरक कळायला साधारण सात फुटांच्या आत बसावे लागते. एट-केची मजा घ्यायची तर ६५ इंचीपासूनही चार-सव्वाचार फुटांवर, म्हणजे जवळजवळ पडद्याला नाक लावून. गिरणी कामगारांना म्हाडाने सोडतीत दिलेली घरे २२५ चौरस फुटांची. तिथे जवळ बसणे आपोआपच होते, हा भाग वेगळा. शिवाय आपण जे पाहतो ते मुळात तेवढे बारीक विणलेले असते का? दूरदर्शनचे जुने कार्यक्रम दिसायच्या ५७६ रेघांत चित्रित झालेले आहेत. संच त्यांना ओढूनताणून मोठे करतो, एवढेच.

खरा फरक पडतो तो उजेड-अंधाराच्या खोलीने, ज्याला एचडीआर म्हणतात. तो कितीही लांबून कळतो. पण खोक्यावर ‘एचडीआर’ छापले म्हणजे पडद्यात ते बळ आलेच असे नाही. असे चित्रपट बहुधा १००० निट्सच्या उजेडाचा हिशेब धरून तयार करतात आणि स्वस्त संच २५०-३०० निट्सवर दमतो. हा आकडा माहितीपत्रकात शोधून पाहा. पुष्कळदा सापडायचाच नाही. आवाजाचेही तेच. पडदा पाटीसारखा पातळ झाला आणि स्पीकर खाली किंवा पाठीमागे तोंड करून बसले. ‘हल्ली हे लोक पुटपुटतात का गं?’ असे सासूबाईंनी विचारले, तर दोष नेहमीच त्यांच्या कानांचा नसतो.

मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. वरळीचा तो मनोरा इथून हाकेच्या अंतरावर. १९८२ च्या १५ ऑगस्टला देशात रंगीत चित्र आले. पण त्याच वर्षी १८ जानेवारीला गिरण्यांचा संप सुरू झाला होता आणि अडीच लाखांच्या आसपास कामगार घरी बसले होते. गिरणगावात ते रंगीत संच घेण्याचे वर्ष नव्हते. ‘रामायण’ १९८७ मध्ये लागले, तेव्हाही ज्याच्याकडे संच त्याच्या दारात चपलांचा ढीग असे. त्या काळाचे मी गोडवे गाणार नाही. दुसऱ्याच्या उंबऱ्यावर बसून टीव्ही पाहण्यात मुलांचा काय अपमान व्हायचा, तो मी पाहिला आहे. पण त्या संचाची एक गोष्ट मान्य केलीच पाहिजे. तो घेतला की घेतला. पिक्चर ट्यूब जाईपर्यंत तो तुमचा होता.

आजचा संच असा तुमचा होत नाही. त्याच्या पोटात संगणक आहे आणि पडदा शाबूत असताना तो संगणक म्हातारा होतो. २०१० आणि २०११ सालच्या काही सॅमसंग संचांवर नेटफ्लिक्स डिसेंबर २०१९ पासून बंद झाले. चित्र उत्तम, काच उत्तम, पण ॲपने पाठ फिरवली. तेव्हा सॉफ्टवेअर किती वर्षे अद्ययावत मिळेल, याची हमी वॉरंटी कार्डावर लिहून मिळायला हवी. मिक्सर जळाला तर कॉइल बदलता येते. इथे जळत काहीच नाही!

दुसरी गोष्ट याहून गंभीर आहे आणि ती घरात कुणी बोलत नाही. आपण संच पाहतो, तसा संचही आपल्याला पाहतो. पडद्यावरच्या चित्राचे ठसे घेऊन तो कंपनीच्या साठ्याशी ताडतो आणि या घरात काय चालले आहे ते कळवतो. याला एसीआर म्हणतात. सेट-टॉप बॉक्समधून आलेले चित्रही यातून सुटत नाही. अमेरिकेत व्हिझिओ या कंपनीने १ कोटी १० लाख संचांवरून अशी माहिती ग्राहकांना न विचारता गोळा केल्याचा आरोप झाला आणि २०१७ मध्ये २२ लाख डॉलर भरून तिने प्रकरण मिटवले. आपल्याकडे व्यक्तिगत विदा संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला. पण नवा संच लावायला आलेला मुलगा ‘ॲग्री, ॲग्री’ करत पाच मिनिटांत सगळ्या अटी मान्य करून मोकळा होतो आणि आपण त्याला चहा विचारतो. संमती द्यायची तर घरच्यांनी वाचून द्यावी. ही सोय सेटिंगमध्ये बंद करता येते. नाव दर कंपनीत वेगळे असते, ‘प्रायव्हसी’ किंवा ‘व्ह्यूइंग इन्फर्मेशन’च्या आसपास शोधावे लागते.

आणि रिमोट! त्यावर ॲपवाल्या कंपन्यांची मोठाली बटणे असतात, त्या जागेचे पैसे मोजले जातात. सह्याद्री वाहिनीसाठी बटण नाही, कारण त्या जागेचे पैसे कोण देणार? दुपारी एकट्या असलेल्या आजींना बातम्यांपर्यंत पोचायला किती वेळा बटण दाबावे लागते, ते दुकानातच मोजून पाहा. त्यांना सोबत न्या आणि रिमोट त्यांच्याच हाती द्या. अंगभूत उपग्रह ट्यूनरच्या संचांचे मानक भारतीय मानक ब्युरोने २०२२ साली काढले आहे. तसा ट्यूनर असेल तर छत्रीची वायर थेट संचाला जोडून मोफत वाहिन्या दिसतात, वेगळा डबा नको की दुसरा रिमोट नको. ही सोय माझ्या लेखी एट-केपेक्षा मोठी.

परवा इथल्याच एका दुकानात विक्रेत्याला मी अद्ययावत सॉफ्टवेअर किती वर्षे मिळेल ते विचारले. मुलगा भला होता. आत जाऊन साहेबांना विचारून आला आणि म्हणाला, ‘काका, ते कंपनीवर असतं. पण भिंतीवर लावायचा स्टँड मी तुम्हाला फ्री देतो.’