निकालाच्या टक्केवारीपलीकडे

दाभोळसमोर, वाशिष्ठीच्या पैलतीरी, एन्रॉनचा वीजप्रकल्प १९९९ मध्ये सुरू झाला आणि २००१ मध्ये बंद पडला. एकाच कारखान्यावर नजर ठेवून मुलांना धंदा शिकविणे किती धोक्याचे, हे कोकणाला वेगळे सांगायला नको.

तरीही तांत्रिक शिक्षणाची पारख आपल्याकडे कागदावरच होते. पाठ्यक्रम संपला का? निकाल किती टक्के? आय.टी.आय.चा अभ्यासक्रम दिल्लीहून ठरून येतो, प्राचार्य तो बदलू शकत नाहीत, हे खरे. पण त्याच्या जोडीला मुलांना काय दाखवायचे, हे तर त्यांच्या हाती आहे ना? दाभोळच्या मुलाने होडीचे डिझेल इंजिन उघडलेले असावे, बर्फाच्या कारखान्यातला कॉम्प्रेसर पाहिलेला असावा. आखातात जाऊ इच्छिणाऱ्या वेल्डरला तर विमानाआधी ट्रेड टेस्ट द्यावी लागते. तिथे नुसते प्रमाणपत्र पुरत नाही.

संस्थाचालकांनी दरवर्षी मागच्या तुकडीची यादी काढावी. कोण शिकलेल्या धंद्यात आहे, कोण दुकानात पुड्या बांधतो आहे आणि का, हे घरी जाऊन विचारावे. सरकारी आय.टी.आय.च्या व्यवस्थापन समितीत उद्योजक घेतले जातात. मग आपल्या बंदरपट्टीत एखादा बोटमालक का नको?