'कव्हर' केलं, पण बघितलं का?

फॉरेनला जाऊन आलं की पहिला प्रश्न ठरलेला, "काय काय कव्हर केलं?" जणू सिलॅबसच! माझं स्पष्ट मत आहे, एका दिवसाच्या गाइडेड टूरमध्ये कव्हर करण्याच्या नादात बघायचंच राहून जातं.

उदाहरण देते. थायलंडमधलं अयुथया. बँकॉकपासून साधारण ८० किलोमीटर. नाव ऐकून अयोध्या आठवली ना? नाव तिथूनच आलंय. तीन नद्यांच्या वेढ्यातली ही सयामची राजधानी, चारशेहून जास्त वर्षं नांदलेली. घरच्यांबरोबर मी तिथली डे-टूर केली. सकाळी राजवाडा, मग तीन देवळं, जेवण, परत. प्रत्येक ठिकाणी वीस-पंचवीस मिनिटं! आपल्या इंडस्ट्रियल व्हिजिटसारखंच : गेट, चहा, ग्रुप फोटो, सही, बस.

बांग पा-इनच्या राजवाड्याला तेवढा वेळ पुरतो. तळ्याच्या मधोमध थाई मंडप, जवळच युरोपियन आणि चिनी धाटणीचे महाल. बहुतेक सगळं राजा चुलालाँगकॉर्नच्या काळातलं, १८७२ ते १८८९ मधलं. सॉलिड दिसतं. पण अवशेषांचं तसं नाही.

वाट महाथातमध्ये झाडाच्या मुळांत अडकलेलं बुद्धाचं डोकं आहे. तिथे फोटो काढायचा तर खाली बसावं लागतं, आपलं डोकं बुद्धाच्या वर जाता कामा नये. सगळे बसतात, क्लिक करतात, उठतात. आजूबाजूला शिर नसलेल्या मूर्तींच्या रांगा आहेत, त्यांच्याकडे कोण बघतो?

वाट फ्रा सी सनफेत हे जुन्या राजवाड्याच्या आवारातलं देऊळ. इथे भिक्षू राहत नसत, फक्त राजघराण्याचे विधी होत. सोन्याने मढवलेली सुमारे १६ मीटर उंच बुद्धमूर्ती इथे होती. आज उरलेत राजांच्या अस्थींसाठी बांधलेले तीन स्तूप. गाइड म्हणाला, "१७६७ मध्ये बर्मी सैन्याने शहर जाळलं. चला बसमध्ये!"

खोटं नाही ते. पण अर्धंच आहे. शहर जळलं, मूर्तीचं सोनं गेलं, मान्य. पण एवढ्या भिंतींच्या विटा गेल्या कुठे? १७८२ मध्ये बँकॉक राजधानी झाली, तेव्हा नव्या शहराच्या बांधकामासाठी अयुथयाच्या विटा नदीतून होड्यांनी नेल्या. नेल्या कोणी? शत्रूने नाही, थाई लोकांनीच! म्हणजे सकाळी आपण ज्या शहरातून निघालो, त्यातच अयुथयाचा एक तुकडा आहे. सिव्हिलवाले याला रिसायकलिंग म्हणतील. मला त्यात हरलेल्या लोकांची जिद्द दिसते. आणि नेमकी हीच गोष्ट टूरमध्ये बसत नाही.

काही जण म्हणतील, "वेळ आणि पैसे दोन्ही कमी, मग काय करणार?" कबूल. रजा चार दिवसांची, आई-बाबांचे गुडघे दुखतात, गाइडशिवाय भाषा कळत नाही. डे-टूर वाईट असं मी म्हणतच नाही. पाचाऐवजी दोनच ठिकाणं घ्या, एवढंच म्हणणं. आणि गाइडने 'जाळलं' म्हणून वाक्य संपवलं, की बसमध्ये चढण्याआधी त्याला विचारा, "मग पुढे काय झालं?"

बघा, पटतंय का!