उतरवलेला दोर यारीवर नको

जुन्या डोझरच्या विंचचा वायररोप हा आंबेगाव-जुन्नरकडच्या सभासदांच्या पत्रांतला सध्याचा ठरलेला विषय आहे. दोर महागला, हवा तो मिळत नाही, दुकानदार म्हणेल तो गळ्यात पडतो, या तक्रारी रास्त आहेत. महाळुंगे पडवळ परिसरातून आलेल्या पत्रांत मात्र आणखी एक गोष्ट जाता जाता सांगितली आहे. डोझरवरून उतरवलेला दोर वाया जात नाही, विहीर खोदणारे यारीवाले तो घेऊन जातात!

आधी मापाचा घोळ. डी-50, डी-80 च्या पिढीतल्या यंत्रांवरची, दोराचे माप सांगणारी विंचची प्लेट कधीच उडालेली असते. मग मिस्त्री जुन्याच दोराला व्हर्नियर लावतो. 16 मिमीचा दोर झिजून 15 च्या खाली आलेला असतो, म्हणून 14 चा आणला जातो. ताकद व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात ठरते, त्यामुळे त्याच जातीच्या दोरात जवळजवळ चौथा हिस्सा ताकद गेली. ती कोणाच्या बिलात दिसत नाही. व्हर्नियर पेडांच्या उंचवट्यांवर धरायचा, दोन पेडांमधल्या खाचेत नाही, हेही अजून सांगावे लागते.

बदलतानाचे हाल वेगळेच. वेटोळे जमिनीवर आडवे टाकून दोर ओढला की पीळ बसलाच. रीळ आसावर चढवा, रिळाच्या वरच्या बाजूने निघालेला दोर ड्रमच्या वरच्याच बाजूने घ्या आणि ताण देऊन गुंडाळा. सैल गुंडाळलेला दोर पहिल्याच जोराच्या ओढीला खालच्या थरात रुततो. ड्रमवर निदान तीन वेढे कायम राहिले पाहिजेत. क्लॅम्पचे खोगीर भार घेणाऱ्या दोरावर आणि यू-बोल्ट मोकळ्या शेपटावर. पहिल्या भारानंतर नट पुन्हा आवळा. पुलीची खाच जुन्या दोराने कोरली असेल तर पुली बदला, नाहीतर नवा दोर ती महिन्यांत खाईल.

आता यारी. डोझरचा दोर आडवा ओढतो. यारीचा दोर दगडाने भरलेली बादली माणसांच्या डोक्यावरून वर नेतो, आणि संध्याकाळी त्याच बादलीत उभी राहून माणसे वर येतात. म्हणजे चिखलातला ट्रक ओढायलाही जो दोर नालायक ठरला, त्यावर जीव टांगायचा.

नियम नाहीत असे नाही. बांधकाम कामगारांच्या 1998 च्या केंद्रीय नियमांनी हिशेब स्पष्ट दिला होता: दोराच्या व्यासाच्या आठपट लांबीत दिसणाऱ्या तुटक्या तारा एकूण तारांच्या 10 टक्क्यांहून जास्त झाल्या की तो दोर वापरायचा नाही. सहा पेडांच्या, प्रत्येकी 19 तारांच्या 16 मिमी दोरात तारा 114, म्हणजे 128 मिमीच्या तुकड्यात बारावी तुटकी तार दिसली की दोर बाद. दर तीन महिन्यांनी तपासणी, एक जरी तार तुटली तरी मग दर महिन्याला. उत्तम! पण ज्या 1996 च्या कायद्याखाली हे नियम झाले, तो दहा किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेलाच लागू होता. विहिरीवर पाच-सात माणसे असतात. तिथे निरीक्षक फिरकत नाही, आणि विचारले तर आकड्याकडे बोट दाखवतो. सातव्या माणसाच्या डोक्यावरचा दगड अकराव्याच्या डोक्यावरच्या दगडापेक्षा हलका असतो काय, हे कामगार खात्यानेच सांगावे.

सभासदांनी खात्याची वाट पाहू नये. चिंधी घेऊन दोर पुसा, तुटक्या तारा मोजा, तारीख डोझरच्या वहीत लिहा. दोर बाद ठरला तर त्याच दिवशी गॅस कटरने त्याचे हातभर तुकडे करा आणि भंगारात घाला. यारीवाला ओळखीचा असेल, चार पैसे देत असेल, तरी अख्खा दोर त्याच्या हाती देऊ नका.