‘फुकट’ खेळाची किंमत

२००४ साली ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ने खेळाडूंवर मासिक वर्गणी आकारली. ती परवडते की नाही, हे कुटुंबाला आधीच ठरविता येत होते. आज म्हैसूरच्या नजरबादपासून नागपूरपर्यंत श्रमिकांच्या मुलांच्या हाती ‘फुकट’ खेळ आहेत. प्रवेश मोफत, पण आत पोशाख, शस्त्रे आणि बंद पेट्यांची विक्री. पेटीतून काय निघेल ते दैवाधीन, खर्चाला अंत नाही. बेल्जियमने २०१८ मध्ये अशा विकतच्या पेट्यांना जुगार ठरविले. भारताच्या २०२५ च्या कायद्याने पैशाच्या खेळांवर बंदी घातली, वर्गणीला मुभा दिली. पेट्यांचे नाव मात्र घेतले नाही. नफेखोरीची ही पळवाट बुजविलीच पाहिजे. अल्पवयीनांना पेट्या विकण्यास मनाई हवी. उघड वर्गणीला नकार देता येतो; छुप्या लुटीला नकार देण्याची संधीच मिळत नाही.