गाडी धुवा, पण पाईप बंद करा

लातूरकरांनो, स्पष्टच बोलतो. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आलं, तेव्हा घागरी घेऊन टँकरमागे धावणारे आपणच. आणि आज गल्लीत पाईप लावून गाड्यांना अंघोळ घालणारेही आपणच! सगळं पाणी नालीत.

बरं, गाडीचं तरी भलं होतं का? बोअरचं पाणी क्षारांचं. तापलेल्या बॉनेटवर ते वाळलं की पांढरे डाग धरतात, मग कितीही पुसा. त्याहून वाईट म्हणजे धुळीवर कोरडं फडकं मारणं. ती धूळच सँडपेपरसारखी रंग खरवडते.

सावलीत दोन बादल्या घ्या, एक शाम्पूची, एक फडकं खळबळायला. पुसायला मायक्रोफायबर. भागतं एवढ्यात. दोन-तीन महिन्यांनी वॅक्सचा हात फिरवला की धुणंही सोपं जातं. पॉलिशचा मात्र उठसूट नाद नको, रंगावरचा थर त्याने झिजतो.

बंगळुरूत मार्च २०२४ मध्ये पिण्याच्या पाण्याने गाडी धुणाऱ्याला ५,००० रुपये दंड लावला. आपल्याकडे विचारतंय कोण? महापालिकेने उन्हाळ्याआधी असाच ठराव आणावा. आणि पहिली पावती पुढाऱ्यांच्या दारातल्या गाड्यांवर फाडावी.